खाचांची पट्टी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारा फिटर बसला होता. त्याची मुलगी प्रयोगशाळेतून धावतच आली.

"बाबा, मिसळली!"

"काय गं?"

"हवा! प्रयोगातले दोन्ही झोत एकमेकांत मिसळले."

"हवेत हवा मिसळली, त्यात काय एवढं?"

"आवाजापेक्षा वेगानं पळते ती, मिसळायला सवडच मिळत नाही तिला. दोन वर्षं फोटोत दोन पट्टे वेगळेच दिसायचे. आज जमलं नसतं तर सर प्रयोग बंद करणार होते."

"मग जमलं कसं?"

"झोतांच्या मधे तुमची खाचांची पट्टी बसवली."

"अगं, ती बिघडली होती! मोतीबिंदूनं दिसेना, चारदा कानस घसरून खाचा पडल्या. मी भंगारात टाकली होती."

"मी उचलून नेली. खाचांपाशी भोवरे उठले आणि सगळी हवा घुसळून निघाली. सरांनी टाळ्या वाजवल्या!"

"चाळीस वर्षं गुळगुळीत घासलं, तेव्हा कुणी वाजवल्या नाहीत."

"आता तशाच आणखी पाच हव्यात. हुबेहूब."

तेवढ्यात नर्सने हाक मारली.

"आजोबा, ऑपरेशनला आजही नाहीच म्हणणार का?"

"उद्याच करा, बाई. तशीच चूक पाच वेळा करायची, तर नीट दिसायला हवं."