बी न्हाई

लातूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर मुरुडची एक म्हातारी आणि तिची कॉलेजातली नात बसल्या होत्या. म्हातारीच्या मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट नुकताच हातात पडला होता.

"वाच की शिवांगी."

"वाचतेय, आज्जी. गाठ बिनाइन आहे."

"बी न्हाई?"

"बी न्हाई नव्हे गं. बिनाइन. इंग्रजी शब्द आहे."

"बी न्हाई म्हनल्यावर पसरंल कशी? बी असलं तरच तण रानभर व्हतंय."

"थांब, आज्जी. तेच! अगदी तेच! ही गाठ पसरत नाही. जिवाला धोका नाही."

"या माय! ह्यो शब्द काढनारा सायब शेतकरी व्हता का काय?"

"शब्द लॅटिनमधून आलाय. मूळ अर्थ, चांगल्या कुळात जन्मलेला. दयाळू माणसालाही लावतात."

"म्हंजी खानदानी."

"हाव, खानदानी."

"आता गाठीचंबी खानदान बघतेत! लई मोठा शब्द हाय गं. तुला येवढं कसं ठावं?"

"आईच्या वेळी शोधून ठेवला होता. रिपोर्ट यायच्या आधीच. हाच निघावा म्हणून रोज वहीत लिहायचे."

"मंग?"

"तिच्या कागदावर दुसराच शब्द निघाला."

"माझी बाय गं!"

"आज्जी, रडू नको ना."

"रडत न्हाई. दाव बरं, माझ्या कागदावर कुठं हाय त्यो खानदानी शब्द?"

"हा बघ. सहाच अक्षरं."

"मला वाचता येत न्हाई बाई. माझं बोट धर, अन् ठिव त्याच्यावर."