पार्किंगचा अ‍ॅरे

विषय: सोसायटीच्या वेबसाइटवर पार्किंगच्या जागा भरणे व माझ्या स्कूटरचा अर्ज.

सेक्रेटरी म्हणाले, "आधी वेबसाइट करा काका, मग अर्ज बघू." म्हणून डोंबिवलीत निवृत्तीनंतर हट्टाने पीएचपी ही वेबसाइटची संगणकभाषा शिकलो. प्रत्येक जागा वेगळी कशाला लिहायची? कोडमध्ये एकच 'रिकामी जागा' बनवली आणि एका ओळीत तिनेच सगळा अ‍ॅरे, म्हणजे जागांचा तक्ता, भरला. मग सेक्रेटरींसमोर पहिल्या जागेवर त्यांची गाडी नोंदवली, तर सगळं पार्किंग त्यांच्याच नावावर!

सून हसली. "बाबा, एकच जागा तुम्ही सगळीकडे दाखवलीत. लूप लावा, दर फेरीला नवी जागा बनवा."

तसा लूप लावला. सेक्रेटरी हळहळले, "आधीचंच बरं होतं हो."

वेबसाइट सुरू आहे. अर्ज विचाराधीन आहे.