टोपी काढ, दादा

(आर्लेत जर्मनीत, कास्सेलमधल्या भाड्याच्या खोलीत. तिचा मोठा भाऊ बोनिफास कॅमेरूनमध्ये, बाफुसामच्या घराच्या ओट्यावर. फोनवर दोघांना एकमेकांचे चेहरे दिसताहेत.)

आर्लेत: ...तेवढ्यात घरमालकीण दारात हजर. म्हणे, रविवारी इथं आवाज करत नाहीत, आज मिक्सर लावायचा नाही. शेंगदाणे वाटत होते मी, कुणाचा गळा दाबत नव्हते.

बोनिफास: मग खाल्लंस काय?

आर्लेत: पाव. गार पाव आणि चीज. रोजचंच आहे ते. सकाळी ट्राम, मग वर्ग, दुपारी ग्रंथालयात डुलक्या, संध्याकाळी बेकरीत ट्रे पुसायचे. परवा बाई वर्गात म्हणाल्या, इतके स्वच्छ उच्चार कुठे शिकलीस? म्हटलं, घरीच. वडील जर्मनचे मास्तर, आणि जर्मनी त्यांनी फक्त नकाशात पाहिलीय. पपांना दे ना फोन. हे त्यांना सांगायचंय.

बोनिफास: झोपलेत.

आर्लेत: मागच्या रविवारीही झोपलेच होते.

बोनिफास: म्हातारा माणूस, लागतो डोळा. तू रोज दिवसभराचं जर्मनमध्ये बोलून पाठवतेस, ते ऐकतात की. उत्तरही येतं ना?

आर्लेत: येतं. "छान. असंच चालू ठेव."

बोनिफास: मग झालं तर.

आर्लेत: दादा, पपांनी मला आयुष्यात कधी छान म्हटलंय? पहिली आले तेव्हा म्हणाले, दुसरी आली तिचं अक्षर बघ. इथं आल्यापासून रोज खरडपट्टी निघायची, आणि आता नुसतं छान. काल मी मुद्दाम खोटंच सांगितलं, शिक्षण सोडलं, बेकरीवाल्याशी लग्न करतेय. उत्तर काय, तर छान, असंच चालू ठेव.

बोनिफास: आवाज तुटतोय तुझा. उद्या बोलू.

आर्लेत: मला नीट ऐकू येतंय. टोपी काढ.

बोनिफास: ऊन आहे गं.

आर्लेत: छपराखाली कसलं ऊन? मोटरसायकलवर हेल्मेट घालत नाहीस, आणि घरात टोपी? काढ.

बोनिफास: आर्लेत, परीक्षा होऊ दे तुझी.

आर्लेत: काढ म्हणते ना... सगळे केस काढलेत. नुसते खुंट राहिलेत.

बोनिफास: उवा झाल्या होत्या.

आर्लेत: नको रे. आपल्यात मुलं डोकं कधी भादरतात, मला ठाऊक नाही का? आई गेली तेव्हा एका बाकावर बसलो होतो आपण. आत्यानं आधी तुझे काढले, मग माझे. कधी गेले पपा?

बोनिफास: पंधरवडा झाला. छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बोलत होते. मला शपथ घातली, परीक्षेआधी पोरीला कळवायचं नाही. या वेळी राहिली तर व्हिसा जाईल तिचा.

आर्लेत: आणि तू ऐकलंस. मातीही देऊन मोकळे झालात.

बोनिफास: सांगितलं असतं तर तू आली असतीस.

आर्लेत: आलेच असते.

बोनिफास: म्हणून तर.

आर्लेत: मग रोज मी कुणाशी बोलत होते? दमून यायचे, जेवायच्या आधी त्यांना सगळा दिवस सांगायचे. कुणी ऐकतच नव्हतं.

बोनिफास: मी ऐकत होतो. त्यांच्या खुर्चीत बसून. एक अक्षर कळत नव्हतं, पण ऐकायचो. त्या भाषेत तुझा आवाज अगदी पपांसारखा येतो. मग लिहायचो काहीतरी. मला काय सुचणार, छानच सुचायचं.

आर्लेत: गावात सगळ्यांना ठाऊक होतं?

बोनिफास: सगळ्यांना.

आर्लेत: म्हणजे गाव रडून मोकळं झालं, आणि मी इथं लग्नाची थट्टा करतेय.

बोनिफास: रड तू. मोठ्यानं रड.

आर्लेत: कशी रडू? मालकीण भिंतीपलीकडेच आहे.

बोनिफास: परीक्षा तेवढी दे. त्यांच्यासाठी दे.

आर्लेत: तोंडी परीक्षेत पहिल्यांदा हेच विचारतात, घरी कोण कोण असतं. उत्तर पपांनीच घोटून घेतलंय माझ्याकडून. आता काय सांगू?

बोनिफास: मला काय कळतंय त्यातलं, बाई. चुकलंच माझं. दोन्हीकडून चुकलं असतं.

आर्लेत: आणि बाप गेल्यावर एवढे केस मिरवत जाऊ तिथं? सगळ्यांचे उतरले, माझेच राहिले. हे घरच्या बाईनं करायचं असतं. इथं माझं कोण आहे?

बोनिफास: थांब जरा. आत्या इथंच बसलीय, मघापासून ऐकतेय... काय गं आत्या? हो, सांगतो.

आर्लेत: काय म्हणतेय?

बोनिफास: म्हणतेय, फोन समोर टेकवून ठेव आणि तिच्याकडे तोंड करून खाली बस. ती सांगेल तसं कर. कात्री आहे का तुझ्याजवळ?