पुढच्या खोलीचा परवाना आणि उसवलेला कोट याबाबत

मी, वय ५१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार कापडबाजाराच्या मागच्या गल्लीतले बैठे घर, पीठगिरणीसमोर. गल्लीत मला टेलरकाकू म्हणतात. आज सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून समक्ष सांगते ते असे की,

सदर घरात मी आणि माझे धाकटे दीर व त्यांची पत्नी असे एकत्र राहतो. माझे पती सहा वर्षांपूर्वी वारले. रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत मी एकोणीस वर्षे शिवणकाम करते. कोटाबाबतचे तक्रारदार हे माझे दीरच आहेत. ते लोकांना सरकारी अर्ज भरून देण्याचे काम करतात.

या वर्षी आमच्या गल्लीला नवा नियम लागला. राहत्या घरातून धंदा करायचा तर परवाना घ्यायचा. एका घराला एकच परवाना. धंद्याची खोली एकशे वीस चौरस फुटांच्या आत असावी. बाहेर पाटी लावू नये, बाहेरचा कामगार ठेवू नये. मी पाटी त्याच दिवशी उतरवली. कामगार माझ्याकडे कधी नव्हताच.

अर्जासाठी खोली मी माझ्या टेपने मोजली. तिथे माझ्याकडून चूक झाली. शिलाईच्या आत दाबायला जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. मी वहीत अंगाचे माप लिहीत नाही, माया धरून कापायचे माप लिहिते. हाताला तेच वळण. भिंतींनाही मी दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच माया सोडली. लांबी-रुंदी चार-चार इंचांनी वाढली आणि खोली कागदावर एकशे चोवीसच्या वर गेली.

अर्ज दिरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, “अगदी व्यवस्थित आहे वहिनी. द्या इकडे, मीच जमा करतो. तुम्हाला कशाला रांगेत हेलपाटा?” मी त्यांना चहा करून दिला. हे मुद्दाम लिहून घ्यावे.

बारा दिवसांनी खोली मोठी असल्याच्या कारणावरून माझा अर्ज नामंजूर झाला आणि गिऱ्हाइकाचे शिवणकाम बंद ठेवण्याचा हुकूम आला. पुढच्या सोमवारी मी बाजारातून परत आले तर माझे मशीन न्हाणीघराच्या बोळात होते आणि पुढच्या खोलीत दिरांचे टेबल होते. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, मी नको म्हणत होते.”  मशीनवर ओला टॉवेल वाळत घातलेला होता, तो काढला.

त्याच आठवड्यात हरकतींसाठीची नोटीस दारावर लागली. पुढची खोली, धंदा अर्जलेखन, अर्जदार माझे दीर, क्षेत्रफळ एकशे साडेसतरा चौरस फूट. खोली तीच, भिंती त्याच. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मला फार राग आला. मी घरात कोणाला न सांगता कार्यालयात जाऊन हरकत नोंदवली.

चार दिवसांनी दीर कापड घेऊन आले. “वहिनी, सुनावणीला साहेबांसमोर उभं राहायचंय. एक कोट शिवून द्या. तुमच्या हाताला तोड नाही.” घरच्यांचे कपडे शिवायला बंदी नव्हती. मी बोळात बसून तीन दिवसांत कोट शिवला. पाठीला आणि बगलेला माया (नजरचुकीने – खोडले) जाणूनबुजून अजिबात सोडली नाही. टाके लांब घातले. इस्त्री झकास केली. ताठ उभे राहिले तर त्या कोटाला काही होणार नव्हते, पण बोलताना आमच्या भाऊजींना हात वर केल्याशिवाय राहवत नाही हे मला माहीत होते.

सुनावणी गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता झाली. वीसेक माणसे होती. हरकत माझी आहे हे दिरांना तिथेच समजले. साहेबांनी विचारले, एकाच खोलीची दोन मापे कशी? दिरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे हात उचलला आणि कोट मानेपासून कमरेपर्यंत उसवला. आत बनियन होते, तेही जुने. लोक हसले. मीही हसले.

दीर ओरडले, “हिला साधी खोली मोजता येत नाही! चार-चार इंच जास्त लिहिलेत हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं!” साहेब म्हणाले, “मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”  दीर पाठ चाचपत होते.

गुरुवारी कार्यालयाच्या माणसांनी खोली मोजली. एकशे साडेसतरा भरली. दिरांचा अर्ज फेटाळून परवाना माझ्या नावे दिला. एका घराला एकच असल्याने टेबल दिरांनी स्वतःच बाहेर काढले. मी टेबलाला हात लावलेला नाही. मी फक्त दार धरून उभी होते, नीट निघावे म्हणून.

कोट दुरुस्त करून द्यावा अशी दिरांची मागणी आहे. तो दुरुस्त होणार नाही, कारण आत दाबायला कापड शिल्लक नाही. नवे कापड आणून देईन. शिवून देणार नाही. पश्चात्ताप होतो का असे विचारण्यात आले. होत नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. कोटाबद्दलच्या मजकुरात ‘नजरचुकीने’ हा शब्द आला होता. प्रकरण इथेच मिटावे म्हणून हवालदारांनी तो चांगल्या मनाने घातला, पण मी तो उच्चारलेला नाही. तो खोडायला लावून शेजारी ‘जाणूनबुजून’ लिहून घेतले व खाडाखोडीवर सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.