स्टँड मंगळवारी पडला

जबाब, दिनांक २ मे २०२५, नागपूर

नाव: लतिका श्रीधर पराते. वय: ४३ वर्षे. धंदा: लग्नाचे व्हिडिओ शूटिंग. राहणार: नंदनवन, नागपूर.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी आईसोबत राहते. सोळा वर्षांपासून हा धंदा करते. उमरेडचे देवराव निखारे यांची मुलगी उन्नती हिच्या हळदीचे व लग्नाचे काम माझ्याकडे होते. दोन्ही कार्यक्रम उमरेड रोडवरील एकाच लॉनवर झाले. हळद मंगळवारी, २९ एप्रिलला संध्याकाळी. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्षय तृतीयेला.

देवरावांच्या आई सुभद्राबाई, वय ७६, यांच्या खुब्याच्या हाडाला तडा गेला आहे. त्या धरमपेठेतल्या एका दवाखान्यात आहेत. ऑपरेशन व्हायचे आहे. दवाखान्याने ठाण्यात कळवले म्हणून मला बोलावले.

विम्याबद्दल विचारले म्हणून सांगते की, डिसेंबरमध्ये एका लग्नात माझ्या वायरमध्ये पाय अडकून एक पाहुणे पडता पडता वाचले. तेव्हापासून मला चैन नव्हते. एप्रिलमध्ये विमा एजंट रजत यांनी दोन पॉलिसी दाखवल्या. एकीत फक्त कॅमेरे आणि लाइट. दुसरीत आमच्या सामानामुळे कुणाला इजा झाली तर त्याचाही खर्च. मी दुसरी घेतली. ते म्हणाले, "ताई, आजच चालू करून टाकतो." मी म्हणाले, आठ दिवसांवर अक्षय तृतीया आहे, तेव्हापासून करा. माझा पहिला कॅमेराही मी अक्षय तृतीयेलाच घेतला होता. मध्ये हळद आहे, हे डोक्यात आले नाही. पॉलिसी ३० एप्रिलपासून सुरू झाली.

हळदीच्या वेळी माझे तीन लाइट स्टँडवर होते. प्रत्येकाच्या पायावर मी वाळूची पिशवी ठेवते. कूलरच्या वाऱ्याने एक स्टँड हलत होता, म्हणून दुसऱ्याची पिशवी काढून त्याच्यावर ठेवली. आणखी एक पिशवी कुठून तरी आणते असे मनाशी म्हणाले आणि शूटिंगला लागले. सहा वाजून दहा मिनिटांनी बिनपिशवीचा स्टँड सुभद्राबाईंवर पडला. त्या नातीला हळद लावायला उठल्या होत्या. उजव्या कुशीवर पडल्या. स्टँडला कुणाचा धक्का लागला नाही.

मी धावले. त्या म्हणाल्या, "तुह्या लाइटालेही हळद लावून घ्यायची होती काय वं?" सगळे हसले. मीही हसले. दोघींनी धरून त्यांना खुर्चीवर बसवले. दवाखान्यात नेऊ का, असे मी विचारले. "मले काही नाही झालं. पोरीच्या हळदीतून कोणी दवाखान्यात जाते काय?" मी पुन्हा विचारले नाही.

लग्नात त्या साडेनऊपासून पहिल्या रांगेत बसून होत्या. अक्षता बसूनच टाकल्या. जेवायला उठल्या नाहीत. पाठवणीच्या वेळी उन्नतीने त्यांच्या मांडीवर डोके ठेवले, तेव्हाही त्या उठल्या नाहीत. हे सर्व मी शूट केले आहे. मला वाटले, थकल्या असतील. दोन वाजता नवरीची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्या देवरावांना म्हणाल्या, "आता ने मले." तेव्हा त्यांना पाय टेकवता येत नव्हता. दवाखान्याच्या कागदावर म्हणून ३० तारीख आहे.

त्या संध्याकाळी देवरावांकडून हाडाचे कळले, तेव्हा मी रजत यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, एका दिवसाचाच तर फरक आहे. लग्नात पडला म्हणा. कोण पाहून राहिलं?" देवरावांना हे सांगितले, तर तेही म्हणाले, "तुमचंही भलं, आमचंही भलं." मी "बघते" म्हणाले. रजत यांनी तो होकार धरून विम्याचे पैसे मागण्याच्या अर्जात ३० तारीख घातली. ते मला काल सकाळी कळले. काल दिवसभर मी त्यांना अडवले नाही. घरात बसवत नव्हते, म्हणून दुपारी दवाखान्यात गेले.

तिथे मी तारखेचा विषय काढला, तर सुभद्राबाई मला म्हणाल्या, "काहून मंगळवार मंगळवार करून राहिली वं? म्हणून टाक बुधवार. मी काय तुले खोटं पाडतो?"

लग्न उघड्यावर, दिवसा होते. त्या दिवशी मी लाइट लावलेच नव्हते. हळदीचे शूटिंग असलेले कार्ड मी सोबत आणले आहे. त्यात स्टँड पडताना दिसतो, वेळही दिसते. हे मला कुणी मागितले नव्हते.

तारीख बदलली तर खर्च विम्यातून निघेल, हे मला माहीत आहे. पण स्टँड बुधवारी पडला असे लिहिले, तर मंगळवारची रात्र आणि नातीचे आख्खे लग्न त्या मोडके हाड घेऊन बसून होत्या, हे कोणत्याच कागदावर राहणार नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलेले नाही, सांगणारही नाहीत. चूक माझी आहे. ऑपरेशनचा खर्च मी देणार आहे. त्यासाठी एक कॅमेरा विकायला काढला आहे. रजत यांना आज सकाळी अर्ज परत घ्यायला सांगितले.

अर्ज परत घेत आहे, हे देवरावांना मी अजून सांगितलेले नाही. इथून तिकडेच जाते.

माझे म्हणणे मराठीत टाइप करून मला वाचून दाखवले. तारखेची ओळ मी पुन्हा वाचायला लावली. मंगळवारच लिहिले आहे. बरोबर आहे.

सही: लतिका श्रीधर पराते