उचललेलं भात

माझं माहेर पोलादपूरकडचं, डोंगरातलं, नि सासर ही शिवथरच्या वरच्या अंगाची वाडी, म्हणजे जन्मभर चढ-उतारच, पण भातशेती दोन्हीकडं, त्यामुळं नवीन काय शिकावं लागलं नाय. आई एकच सांगायची, कापलेलं भात भिजायला लागलं तर हातातला घास ठेवून आधी ते उचलायचं. तेच केलं मी नि तेच नडलं, काय सांगू तुम्हाला.

गेल्या साली आमच्या ह्यांनी महाडला जाऊन विम्याचा फॉर्म भरला. सही घेतली, पावती दिली, नियम कोणी सांगितला नाय. भात कापलं, खाचरात वाळत पसरलं नि पाऊस कोसळला. ह्यांनी विमावाल्यांना फोनवर कळवलं, नि आमी काय केलं, भर पावसात सगळं उचलून घरी आणलं, पडवीत, ओटीवर, चुलीच्या बाजूला, पाय ठेवायला जागा नाय. तरी निम्म्याला कोंब फुटलेच. चौथ्या दिवशी विम्याचा माणूस आला, मोकळ्या खाचराचा फोटो काढला नि बोलला, इथं तर नुकसान दिसत नाय. मी बोलले, अरे बाबा, घरी चल, कोंब दाखवते. तर बोलला, मावशी, घरात आणलेलं भात विम्यात बसत नाय, शेतात पडलेलं पायजे. म्हणजे सोन्यासारखं पीक पाण्यात कुजवायचं नि तुझी वाट बघायची? संताप संताप झाला, अजून होतो. हातपाय हलवले म्हणून भरपाई नाय, हा कुठला न्याय?

यंदा परत फॉर्म भरला, परत तसाच पाऊस. हे बोलले, हात लावू नको गो, माणूस येऊ दे. मी बसले. एक दिवस बसले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसले, लोंब्या पाण्यात नि मी बांधावर. मग उठले नि उतरले खाचरात. हे वरून ओरडले, अगो ठेव, विमा फुकट जाईल. मी ऐकलं नाय. पहिला भारा डोक्यावर घेऊन वळते तर हे पण माझ्या मागं वाकून उचलतायत, तोंडानं शिव्या चालूच. माणूस आला आठव्या दिवशी. मी घराबाहेर पण आले नाय.

तुमी कागद-पेन घेऊन घरोघर विचारता, विमा माहीत हाय का, समाधान हाय का. माहीत हाय, आता चांगलाच माहीत हाय. समाधानाचं विचारू नका, तोंडातून वाईट येईल. ताट वाढते, भरल्या पोटी जावा. त्याच भाताचा भात हाय, जरा वास येईल.