गुरुवारी फोन करा

(ऑस्ट्रेलियात, गव्हाच्या शेतांमधलं एक लहान गाव. दुपार. एकोणऐंशी वर्षांच्या क्लेम रडकचं स्वयंपाकघर. वर्ना टकवेल शर्यतीतून काढून टाकलेले ग्रेहाउंड कुत्रे स्वतःच्या घरी सांभाळते आणि त्यांना कायमची घरं शोधून देते. आज ती पेग नावाच्या कुत्रीला बरोबर घेऊन क्लेमचं घर पाहायला आली आहे.)

वर्ना : कुंपण झालं, फाटक झालं, मांजर नाही. खायचं भांडंसुद्धा ग्रेहाउंडला लागतं तसं उंच स्टुलावर. सगळं इतकं बरोबर, की मला फाटकातच शंका यायला हवी होती. बसू नका. मी विचारलंय काहीतरी.

क्लेम : काय विचारलंत?

वर्ना : तिचा कान का उलटा केलात?

क्लेम : कधी?

वर्ना : आत्ता, दारात! माणसं डोकं कुरवाळतात. 'अगं बाई, किती वाळलीये' म्हणतात. तुम्ही अंगठ्यानं कान उलटा केलात आणि आतलं नोंदणीचं गोंदण वाचलंत.

क्लेम : सवय आहे.

वर्ना : कसली सवय? अर्जात लिहिलंय, 'यापूर्वी ग्रेहाउंड पाळलेला नाही.' अक्षर तुमचंच ना?

क्लेम : पाळला नव्हताच. पळवले.

वर्ना : वा! विनोद सुचतोय.

क्लेम : विनोद नाही. शर्यतीला कुत्री तयार करायचो. एकतीस वर्षं. पाणी उकळलंय, चहा टाकू?

वर्ना : चहा राहू द्या. मागं तर नुसतं गवत आहे. कुत्र्यांचे कप्पे कुठं गेले?

क्लेम : पाडले. नोला गेली त्या वर्षी. माझी बायको. पत्रे भंगारात दिले, खांब जाळले. उपयोग झाला नाही.

वर्ना : उपयोग म्हणजे?

क्लेम : दुपारी चारला त्यांची खायची वेळ. अजून चार वाजले की ओरडायला लागतात.

वर्ना : कोण?

क्लेम : सगळे. कानाच्या डॉक्टरला दाखवलं. म्हणाला, या वयात कान वाजतात. म्हटलं, वाजत नाहीत हो, भुंकतात. एकेकाला आवाजावरून ओळखतो मी.

वर्ना : हे बघा क्लेम, ऐकून वाईट वाटतं. पण पेग म्हणजे औषधाची बाटली नाही. दोन घरांतून परत आलीये ती. पहिल्या घरी तीन दिवस तोंडात घास घेतला नाही. दुसऱ्यांनी तासभर एकटी ठेवली, तर दाराची चौकट कुरतडून दोन दात घालवून बसली. तिसऱ्यांदा परत आली तर संपलंच. मग मीसुद्धा तिला वळवू शकणार नाही. आणि खोटा अर्ज म्हणजे नकार. हा नियम मीच केलाय.

क्लेम : खरं लिहिलं असतं तर आला असतात?

वर्ना : नसते आले.

क्लेम : मग?

वर्ना : मग काय मग? वर मलाच विचारा! एकतीस वर्षांत किती कुत्री झाली?

क्लेम : साठ-पासष्ट.

वर्ना : त्यातली लोकांच्या घरी किती गेली?

क्लेम : दोन. एक नोलाच्या बहिणीकडं, एक पोस्टमनकडं.

वर्ना : बाकीची?

क्लेम : तुम्हाला माहीत आहे.

वर्ना : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

क्लेम : पळेनाशी झाली की ओढ्याकडं न्यायची. बंदूक घेऊन. सगळेच नेत. शेपट्या हलवत यायची. त्यांना वाटायचं, फिरायला निघालोय.

वर्ना : आणि कान?

क्लेम : कापायचो. गोंदणावरून मालक सापडतो ना.

वर्ना : पेग, ऊठ. ऊठ गं बाई, घरी जाऊ.

क्लेम : एकीचे नाही कापले.

वर्ना : मला नाही ऐकायचं.

क्लेम : ऐकावं लागेल. अर्ज कुणाकडंही करता आला असता. मी तुमचं नाव शोधून तुमच्याकडं केला.

वर्ना : का?

क्लेम : फर्न नावाची होती. अंगावर पट्टे. नोलाचा जीव होता तिच्यावर. म्हणाली, हिला नेऊ नकोस, एक बाई कुत्री घेतात म्हणे. पेपरातून नंबर काढून दिला. मी फोन केला. मंगळवार होता. नऊ वर्षं झाली. तुम्ही म्हणालात...

वर्ना : 'गुरुवारी फोन करा.'

क्लेम : लक्षात आहे तुमच्या?

वर्ना : नाव सांगितलं नाहीत. नंबर दिला नाहीत. नुसतं 'बरं' म्हणालात आणि ठेवलात. गुरुवारी मी दिवसभर त्या फोनला चिकटून बसले होते. संडासलासुद्धा दार उघडं ठेवून गेले.

क्लेम : मला वाटलं, टोलवलंत.

वर्ना : नऊ कुत्री होती घरात! दोन न्हाणीघरात बांधलेली. जागा नव्हती हो, खरंच नव्हती. बुधवारी सकाळी झाली. एक जोडपं आलं आणि एकाला घेऊन गेलं. आणि मी हातात फोन धरून उभी. कुणाला करू? नंबर कुठं होता माझ्याकडं?

क्लेम : बुधवारी किती वाजता?

वर्ना : नऊ वाजता.

क्लेम : मी सातला नेली तिला.

वर्ना : एक दिवस थांबायचं होतं.

क्लेम : त्याच दिवशी नवी पिल्लं यायची होती. कप्पा रिकामा हवा होता.

वर्ना : एवढ्यासाठी?

क्लेम : एवढ्यासाठी. दुसरं काही कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

वर्ना : हे ऐकवायला बोलावलंत मला? म्हणजे अर्धा दोष माझ्या पदरात?

क्लेम : छे. बंदूक माझी, बोट माझं. पण फर्न नावाची कुत्री होती, हे ठाऊक असलेलं माणूस नोलानंतर एकच उरलं. तुम्ही.

वर्ना : मला तर तिचं नावही आज कळतंय. मी मनात तिला 'गुरुवारची' म्हणायचे.

क्लेम : म्हणजे आठवायची तुम्हाला.

वर्ना : फोन वाजला की आठवते. आणि माझा फोन दिवसभर वाजतो. ... काय झालं? घड्याळाकडं काय बघताय?

क्लेम : चार वाजत आले. खिमा शिजवून ठेवलाय. त्यात शिळा पाव आणि गाजर कालवलंय. रोजच करतो, न करून राहवत नाही. पेगला देऊन बघू? मग न्या तिला खुशाल.

वर्ना : ती परक्या माणसाच्या हातचं खात नाही. आत्ताच सांगितलं ना.

क्लेम : भांडं ठेवायचं, तिच्याकडं पाठ करायची आणि जमिनीवर बसायचं. तुम्ही सगळे खाते की नाही ते बघत उभे राहत असाल.

वर्ना : बघत तर असतोच. पण या गुडघ्यांनी खाली बसणार तुम्ही?

क्लेम : उठता आलं नाही तर तुम्ही आहात की. सरका जरा.

वर्ना : हळू. टेबलाला धरा. अहो, हळू!

क्लेम : बोलू नका आता.

वर्ना : खातेय.

क्लेम : बोलू नका म्हटलं ना.

वर्ना : क्लेम, सगळं चाटूनपुसून खाल्लं तिनं. चार महिन्यांत माझ्याकडं एकदाही भांडं रिकामं केलं नव्हतं. ... रडताय?

क्लेम : अजून भुंकतायत. मला वाटलं होतं, थांबतील.

वर्ना : नाही थांबले?

क्लेम : एकसुद्धा नाही.

वर्ना : मग कशाला हवी ती तुम्हाला?

क्लेम : ही तर खाईल ना.

वर्ना : उठा आधी.

क्लेम : हात द्या. उठतो. तिचा पट्टा तिथं खुर्चीवर आहे.

वर्ना : पट्टा राहू द्या. बंदूक कुठं आहे?

क्लेम : पोलिसांत जमा केली. सहा वर्षांपूर्वी. कागद आहे.

वर्ना : दाखवा.

क्लेम : हा घ्या.

वर्ना : हं. मला राग येतोय, माहीत आहे? तुमचा येतोय, तो संपायचा नाही. आणि जे हात मला नको आहेत, नेमकं त्याच हातांचं तिनं खाल्लं, याचा जास्त येतोय. मी काय करू सांगा? घरी नेऊन पुन्हा अर्धं भांडं बघत बसू?

क्लेम : मी काही मागत नाही.

वर्ना : गप्प बसा. दोन आठवडे ठेवा. मी न सांगता येईन, दोनदा, तीनदा, मनाला येईल तेव्हा. दुकानात गेलात तरी ती बरोबर. तुम्हाला साधा ताप आला तरी आधी मला फोन. माझ्याकडं जागा असो, नसो. वार बघायचा नाही, वेळ बघायची नाही. कळलं?

क्लेम : कळलं.

वर्ना : नंबर भिंतीवर लिहिते. मोठा. तुमचाही द्या मला. आणि परत सांगा, आकडा चुकायला नको.

क्लेम : तुमचे उपकार...

वर्ना : माझे उपकार नकोत आणि तुमची माफीही नको. तिची काळजी घ्या. निघते मी. पेग, इथंच थांबायचं. बघा, मान वर करून बघितलंसुद्धा नाही भवानीनं.

(अर्ध्या तासानं. फाटकाबाहेर, वर्नाच्या गाडीपाशी.)

क्लेम : वर्नाबाई! अहो वर्नाबाई, काच खाली करा. अर्धा तास झाला, फाटकाबाहेर उभ्या आहात. गाडी बिघडली का?

वर्ना : गाडी ठीक आहे.

क्लेम : मग?

वर्ना : काही नाही. म्हटलं, बसून बघावं, आपल्यालाही ती कुत्री ऐकू येतात का.

क्लेम : आली?

वर्ना : तुम्ही आत जा, क्लेम. ती एकटी आहे.